वही कोणाच्या घरी ठेवावी?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो मुंबईच्या गिरण्यांचा 1982 सालचा संप तरी सांगणार, किंवा नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कशी मिळवून दिली ते तरी सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती गैर नाही. आम्हीही येथे शेंद्र्याला आणि तिकडे चिकलठाण्याला गेटसभांतून हेच विषय अनेकदा बोललो आहोत. परंतु आज जो विषय आम्ही घेतला आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. संगणकावर खेळला जाणारा एक जुना खेळ, त्या खेळात नव्या गोष्टी घालण्यासाठी लिहावे लागणारे आज्ञालेख, आणि ते आज्ञालेख कसे लिहावेत हे सांगणारा, कोणा एका पंडिताने नव्हे तर खेळणाऱ्यांनीच मिळून लिहिलेला व वर्षानुवर्षे सांभाळलेला एक संदर्भकोश, याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंतात अनपेक्षित विषय ऐकून घेण्याची सवय महाराष्ट्राला लागलेली आहे. तिच्याच आधाराने आम्ही हे धाडस करीत आहोत. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे वाचले ते पाळी सुटल्यावर. त्यामुळे या यंत्रविद्येत आमचा अधिकार काही नाही. परंतु अनेकांनी मिळून केलेले काम टिकते कसे आणि बुडते कसे, एवढे मात्र आम्ही तीस वर्षे जवळून पाहत आलो आहोत.

विषय आमच्याकडे कसा आला

येथील औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपमध्ये एक जुना पॉवर प्रेस होता. दुपारी तो तापला, की एकदा पायडल दाबल्यावर कधी कधी दोनदा खाली येई. आमचे लोक त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. त्या प्रेसवर अनेक वर्षे काम केलेल्या माणसाला ही खोड ठाऊक होती. जेवणाच्या सुट्टीनंतर तो हाताऐवजी चिमट्याने माल काढीत असे. कंत्राट संपले, तो माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर ती माहितीही गेली. त्याच्या जागी आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची दोन बोटे तिसऱ्या आठवड्यात गेली.

त्यानंतर आम्ही एक वही सुरू केली. कोणते यंत्र कोठे दगा देते, कोणता आवाज आला की हात मागे घ्यावा, कोणत्या दुरुस्तीनंतर काय पाहावे, हे ज्याला ठाऊक असेल त्याने त्यात लिहावे असे ठरले. पुढे एका कारखान्यातील सज्जन अधिकाऱ्याने ती वही तेथल्याच एका संगणकावर उतरवून घेण्याची परवानगी दिली. आम्हाला फार बरे वाटले. तीन वर्षे आमचे लोक त्यात भर घालीत होते. मग अधिकारी बदलला, संगणक बदलला, आणि एका सोमवारी वही नाहीशी झालेली आढळली. कोणी मुद्दाम पुसली असेही नाही. तिची आठवण ठेवण्याचे काम कोणाकडेच नव्हते, एवढेच.

आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी येऊन बसणारा एक आय.टी.आय. झालेला पोरगा आहे. त्याच्यापाशी आम्ही हळहळलो तेव्हा तो म्हणाला, "काका, मालकाच्या घरात वही ठेवली, तेव्हाच ती मालकाची झाली. आमच्या गेमचं पण असंच झालं होतं." हा पोरगा दिवसा सी.एन.सी. लेथ चालवतो आणि रात्री त्या खेळाच्या संदर्भकोशातील पाने दुरुस्त करतो, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले. पुढे जे आम्ही सांगणार आहोत त्याचा धागा त्याच्याकडून मिळालेला आहे. मागाहून आम्ही तो आमच्या परीने पडताळून पाहिला.

खेळ आणि त्याचे आज्ञालेख

या खेळाचे नाव ग्रँड थेफ्ट ऑटो. 2001 साली त्याचा तिसरा भाग आला, 2002 साली व्हाइस सिटी, आणि 2004 साली सॅन अँड्रियास. हे भाग आधी खास खेळण्याच्या यंत्रांवर येत आणि काही महिन्यांनी साध्या संगणकावर येत. आपल्याकडे ज्या काळात गल्लोगल्ली सायबर कॅफे होते, त्या काळात तासाला दहा-वीस रुपये देऊन पोरे व्हाइस सिटी खेळत बसत, हे येथील पालकांना सांगायला नको. आम्ही स्वतः एकदा आमच्या पुतण्याला तेथून कानाला धरून आणलेले आहे. खेळात मोटारी पळवणे, मारामारी करणे असा प्रकार असल्यामुळे त्याची थोरवी गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

सॅन अँड्रियास हा संगणकावर एकट्याने खेळावयाचा खेळ होता. पण एकट्याने खेळण्यात माणसाचे मन फार दिवस रमत नाही. कंपनीने जे दिले नाही ते खेळणाऱ्यांनीच करून घेतले. मल्टी थेफ्ट ऑटो या नावाने 2003 साली तिसऱ्या भागासाठी आणि पुढे सॅन अँड्रियाससाठी एक जोडणी तयार झाली. 2006 साली सॅन अँड्रियास मल्टिप्लेअर, म्हणजे पोरांच्या तोंडी सॅम्प, ही दुसरी जोडणी आली. या जोडण्यांमुळे ठिकठिकाणी बसलेली शेकडो माणसे एकाच वेळी त्या एका शहरात वावरू लागली.

आता शेकडो माणसे एकत्र आली की नियम हवेत. कोण कोठे उतरेल, कोणाला किती पैसे मिळतील, शर्यत कधी सुरू होईल, हे सारे ठरवावे लागते. ते ठरवण्यासाठी जो आज्ञालेख लिहितात त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात. येथे बसलेल्या सी.एन.सी. चालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रोग्रॅममध्ये एम 03 लिहिले की स्पिंडल फिरू लागतो, एम 08 लिहिले की कूलंट सुरू होतो. तसेच येथे एक आज्ञा लिहिली की मोटार उभी राहते, दुसरी लिहिली की खेळाडू दुसऱ्या जागी जातो. सॅम्पचे आज्ञालेख पॉन नावाच्या, हॉलंडमध्ये तयार झालेल्या भाषेत लिहीत, तर मल्टी थेफ्ट ऑटोचे लुआ नावाच्या भाषेत. ही लुआ 1993 साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथील विद्यापीठात जन्मली. लुआ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ चंद्र असा आहे.

आज्ञा शेकडो आणि त्यांचे क्रमांक आणखी शेकडो. एकट्या सॅन अँड्रियासमध्ये वाहनेच 212, आणि त्यांचे क्रमांक 400 पासून 611 पर्यंत. हे सारे पाठ कोण करणार? त्यासाठी संदर्भकोश हवा, आणि तो लिहिण्यासाठी खेळणाऱ्यांनी विकी ही पद्धत निवडली.

विकी म्हणजे काय

वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 25 मार्च 1995 रोजी पहिली विकी सुरू केली. विकी हा हवाई बेटांवरील भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ चटकन, लवकर असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावर त्या नावाची बस होती, तिच्यावरून त्यांनी हे नाव घेतले. कल्पना अगदी साधी होती. जो पान वाचतो त्यालाच ते दुरुस्त करता यावे. 2001 च्या जानेवारीत विकिपीडिया निघाला, आणि 1 मे 2003 रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी आणि कामगारदिनी, आपला मराठी विकिपीडिया सुरू झाला. खेळाचे संदर्भकोशही याच पद्धतीवर उभे राहिले.

मराठी विकिपीडियाचे कोणतेही पान उघडा. वर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' असे शब्द दिसतात. या इतिहासात त्या पानावरील प्रत्येक बदल कोणी केला, कोणत्या दिवशी केला, आधी काय होते, हे सारे नोंदलेले असते. एखाद्याने चुकीचे लिहिले तर जुना मजकूर परत आणता येतो. इतिहास या शब्दाचा इतका व्यावहारिक उपयोग आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या युनियनच्या इतिवृत्ताच्या वहीत एखादे पान फाडले तर ते गेले. येथे फाडलेले पानही जपून ठेवलेले असते, आणि कोणी फाडले तेही लिहिलेले असते.

संदर्भकोशातील एका पानाची रचनाही पाहण्यासारखी आहे. माथ्यावर आज्ञेचे नाव. खाली ती काय करते याचे दोन ओळींत वर्णन. मग तिला कोणती माहिती पुरवावी लागते, त्यातील कोणती आवश्यक आणि कोणती ऐच्छिक. मग ती परत काय उत्तर देते. त्यानंतर चालवून पाहिलेले एक उदाहरण. शेवटी सूचना, आणि जवळच्या इतर आज्ञांची नावे. बस्स. यात कोठे शब्दांचा फुलोरा नाही. आमच्या मते या सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सूचना. कारण वर्णन आज्ञेच्या नावावरूनही थोडेफार कळते, परंतु सूचना ही कोणीतरी ठेच लागल्यावर लिहिलेली असते.

एकच उदाहरण देतो. मल्टी थेफ्ट ऑटोमध्ये खेळाडूला पैसे देण्याची एक आज्ञा आहे, गिव्ह प्लेअर मनी. ही आज्ञा दोन ठिकाणांहून देता येते. एक सर्व्हरवरून, म्हणजे जेथे सर्वांचा हिशेब राहतो त्या मध्यवर्ती यंत्रावरून, आणि दुसरे खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रावरून. कोशातील पानावर सूचना आहे, की खेळाडूच्या यंत्रावरून ही आज्ञा दिली तर सर्व्हरवरील त्याची रक्कम बदलत नाही. म्हणजे त्याच्या पडद्यावर पैसे दिसतात, खात्यात मात्र नसतात! ओव्हरटाइम पगारपत्रकावर दिसतो आणि बँकेत येत नाही, हा अनुभव आमच्या कंत्राटी बांधवांना नवा नाही. ती एक ओळ ज्याने लिहिली, त्याने आधी कित्येक तास डोके धरून काढले असतील. पुढच्या हजारोंचे ते तास वाचले. बोटे जाण्यापूर्वी प्रेसवर कोणी अशी एक ओळ चिकटवली असती तर, हा विचार त्या रात्री आमच्या मनातून गेला नाही.

गाळ काढणारे

कोश उभा राहिला, येथे इतिहास संपत नाही. किंबहुना खरा इतिहास येथून सुरू होतो, आणि तो कोणी लिहीत नाही.

आपल्या शहरात सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर आणली. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात खेळवले. तिच्या वाटेवर विहिरींसारखी उभी तोंडे ठेवलेली आहेत. आत उतरून पाहता यावे, गाळ काढता यावा यासाठी ती ठेवली. मलिक अंबरचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्या तोंडांतून खाली उतरून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गाळ काढला, त्यांचे नाव कोणाला ठाऊक आहे? परंतु पाणी वाहत राहिले ते त्यांच्यामुळे.

संदर्भकोशालाही गाळ साचतो. नवी आवृत्ती निघते आणि जुने पान खोटे ठरते. सॅम्पच्या एका सर्व्हरवर पूर्वी 500 खेळाडूंची मर्यादा होती, पुढे ती 1000 झाली. आता जेथे जेथे 500 लिहिले असेल ते सारे शोधून बदलायला हवे. एक जरी पान राहिले तरी त्यावर विसंबून लिहिणारा नवखा खड्ड्यात पडणार. उदाहरण एके काळी चालत होते, आज चालत नाही. ते पुन्हा चालवून पाहायला हवे. जाहिरातबाज यंत्रे रात्रीतून शेकडो निरर्थक पाने घालतात, ती उपटून टाकायला हवीत. कोणी थट्टेने मजकूर पुसतो, तो परत लावायला हवा. दोघांचा वाद झाला तर दोघांचे म्हणणे प्रत्यक्ष चालवून पाहून मगच लिहायला हवे. यांतील एकाही कामाला टाळी पडत नाही. आमचा पोरगा सांगतो, की त्याने आजवर एकही नवे पान लिहिलेले नाही. केवळ इतरांच्या पानांवरील उदाहरणे चालवून पाहिली आणि चुकलेली सुधारली. आम्ही त्याला म्हटले, "अरे, मेन्टेनन्स खात्याचे नशीबच असे. यंत्र चालू आहे तोवर त्याला कोणी विचारीत नाही."

मराठीत ज्ञानाची कामे झाली नाहीत असे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड काढले. त्यासाठी त्यांनी लोकांकडून भांडवल उभे करून नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी स्थापन केली. एका माणसाच्या जिद्दीने एवढे काम व्हावे ही आश्चर्याचीच गोष्ट होय. पुढे राज्य सरकारच्या आश्रयाने वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले, आणि त्याचा पहिला खंड 1976 साली प्रसिद्ध झाला. एकामागे भागधारक होते, दुसऱ्यामागे सरकार. खेळाच्या या कोशामागे दोन्ही नाहीत. त्याला कोणी पगारी संपादक नाही, कार्यालय नाही, अनुदान नाही. म्हणून त्याची योग्यता केतकरांच्या कोशाएवढी आहे असे कोणी समजू नये. विषयच लहान आहे. परंतु छापलेला खंड एकदा बांधला की त्यातील चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. या कोशातील चूक ज्याला दिसेल त्यालाच त्याच क्षणी काढता येते. फरक आहे तो हा.

दोन घरे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मल्टी थेफ्ट ऑटो आणि सॅम्प ही एकाच खेळावर वाढलेली दोन घरे. दोघांनाही स्वयंसेवकांनी लिहिलेला कोश होता. परंतु घराची मालकी दोन तऱ्हांची होती.

मल्टी थेफ्ट ऑटोने सॅन अँड्रियाससाठी 2009 साली आपली 1.0 ही आवृत्ती काढली. तिचा मूळ संकेत, म्हणजे ज्या मजकुरापासून ती जोडणी तयार होते तो मजकूर, सर्वांसाठी खुला होता. ज्याला हवा त्याने तो पाहावा, बदलावा, मात्र बदललेला पुन्हा खुलाच ठेवावा, अशा परवान्याखाली तो दिला गेला. साहजिकच कोशातील पान आणि प्रत्यक्ष यंत्र यांचा मेळ बसतो की नाही हे कोणालाही तपासता येई. जुने लोक गेले, नवे आले, तरी काम चालू राहिले.

सॅम्पचा मूळ संकेत मात्र कर्त्यांनी आपल्याच हाती ठेवला. यात त्यांनी काही पाप केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे फुकट मेहनत करून जोडणी दिली, आणि जगभरच्या लाखो पोरांनी ती वापरली. परंतु कोश त्यांच्या घरात, चर्चेची जागा त्यांच्या घरात, किल्ली त्यांच्या कमरेला. स्वयंसेवकांनी हजारो प्रश्नोत्तरे तेथे लिहिली. कोशात जे मावत नसे ते चर्चेत सापडे. हळूहळू कर्त्यांचे लक्ष उडाले. नव्या आवृत्त्या येईनाशा झाल्या. शेवटी 2020 च्या सुमारास चर्चेची जागा बंद पडली, आणि कोशाचाही भरवसा राहिला नाही. चौदा वर्षांचे लिखाण एका किल्लीवर टांगलेले होते हे लोकांना तेव्हा कळले.

ते वाचले कसे? ज्यांना आधीच शंका आली होती अशा काहींनी नकला करून ठेवल्या होत्या. रशियन भाषक खेळाडूंच्या एका मंडळाने जुन्या चर्चेची आणि कोशाची पाने उतरवून आपल्याकडे उघडी ठेवली. दुसरीकडे सॅम्पमधील काही जुन्या, अनुभवी मंडळींनी 2019 पासूनच ओपन मल्टिप्लेअर या नावाने नवी, खुल्या संकेताची जोडणी उभारायला घेतली होती. तिची अट अशी, की सॅम्पसाठी लिहिलेले जुने आज्ञालेख तिच्यावर चालले पाहिजेत. त्यासाठी जुन्या कोशातील माहिती अपरिहार्य होती. ती आज्ञेमागून आज्ञा, पानामागून पान नव्या जागी उतरवली गेली. आणि या वेळी ती अशा ठिकाणी ठेवली, की कोणालाही तिची संपूर्ण नक्कल, इतिहासासह, आपल्या घरी ठेवता यावी. तिची निरनिराळ्या भाषांत भाषांतरेही होऊ लागली.

यातील मर्म ध्यानात घ्या. जुना कोश बुडत असता नव्यांनी आधी नवे काही शोधले नाही. आधी जुने लिहून काढले. गिरणी बंद पडल्यावर कामगारांच्या हातात त्यांचे कसब तरी राहते. लिहिलेली वही मालकाकडे राहिली, तर तेही अर्धेच उरते.

काही आक्षेप

येथे एक शंका संभवते, आणि ती आमच्यासारख्यानेच काढली पाहिजे. हे सारे काम फुकटचे. खेळ कंपनीचा, तो जुना झाला तरी विकला जातो, आणि तो जिवंत ठेवण्याला या स्वयंसेवकांची मेहनत कारण होते. मग ही बिनपगारी वेठ नव्हे काय? ज्याने जन्मभर कामाच्या दामासाठी भांडण केले त्याने या फुकट श्रमाचे गोडवे गावेत हे कसे?

आम्ही हा प्रश्न पोरग्याला विचारला. तो म्हणाला, "काका, मी कंपनीसाठी नाही लिहीत. माझ्यासारखा पोरगा रात्री दोन वाजता अडकून बसलेला असतो ना, त्याच्यासाठी लिहितो." उत्तर प्रामाणिक आहे, परंतु त्याने प्रश्न पुरता सुटत नाही. कंपनीला फायदा होतोच. आमचे म्हणणे एवढेच, की वेठ आणि लोकवर्गणी यांत एक फरक आहे. वेठीचे फळ एकाच्याच कोठारात जाते, आणि वर्गणीतून बांधलेल्या विहिरीवर वर्गणी न देणाराही पाणी भरतो. पान जोवर सर्वांना उघडे आहे आणि त्याची नक्कल कोणालाही नेता येते, तोवर ती विहीर आहे. नक्कल नेण्याला बंदी झाली की त्याच दिवशी ती वेठ झाली असे समजावे.

दुसरे, जमीन शेवटी परक्याची आहे हेही विसरता येत नाही. 2021 साली काही स्वयंसेवकांनी याच मालिकेतील तिसरा भाग आणि व्हाइस सिटी यांचा संकेत उलटा उलगडून पुन्हा लिहून काढला, तेव्हा मालक कंपनी टेक-टू हिने फेब्रुवारीत तो जगजाहीर जागेवरून उतरवायला लावला आणि सप्टेंबरात कॅलिफोर्नियात दावा गुदरला. कोशाने कंपनीचा संकेत चोरलेला नसतो. कोणती आज्ञा दिली असता काय होते, हे स्वतः पाहून तो लिहितो. तरीही मालकाची हद्द कोठे सुरू होते याचे भान या लोकांना ठेवावे लागते. आम्हालाही ते ठेवावे लागते. आमच्या वहीत कारखान्याचा आराखडा किंवा मालाचे गुपित कधी लिहिले नाही, पुढेही लिहिणार नाही. यंत्र आमच्या हाताशी कसे वागते, एवढीच आमची हद्द. आमचा हात मात्र आमचा आहे.

तिसरा आक्षेप असा, की खेळासाठी एवढी उठाठेव कशाला? आम्हीही प्रथम हेच म्हणालो होतो. परंतु माणसे ज्या गोष्टीवर जीव लावतात तेथेच ती एकत्र काम करायला शिकतात. भजनी मंडळात ज्याने हिशेब ठेवला तोच पुढे सोसायटीचा चिटणीस झाला, असे आम्ही खेड्यांत पाहिले आहे. या पोरांनी खेळात शिकून घेतले ते असे, की पाहिल्याशिवाय लिहू नये, लिहिलेल्यावर तारीख घालावी, दुसऱ्याची चूक काढताना त्याचा अपमान करू नये, आणि आपण गेल्यावरही काम चालावे अशी व्यवस्था करून ठेवावी. यातील शेवटची गोष्ट आमच्या चळवळीतील अनेक थोर पुढाऱ्यांना साधली नाही.

आमची वही

वही गेल्यानंतर आम्ही ती पुन्हा सुरू केली आहे. जे आठवले ते लिहिले, जुन्या माणसांच्या घरी जाऊन विचारले. त्या प्रेसवरचा जुना कामगार आता जालन्याकडे एका भंगाराच्या दुकानात काम करतो. त्याच्याकडे आम्ही दोघे गेलो. त्याने डबल स्ट्रोकची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी विचारले, "हे कोणी तेव्हा का नाही विचारलं, साहेब?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पोरग्याने त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि खाली तारीख घातली.

वहीची रीत आता पोरग्याने घालून दिली आहे. प्रत्येक यंत्राला एक पान. माथ्यावर यंत्राचा प्रकार, कारखान्याचे नाव नाही. मग ते काय करते, कोठे दगा देते, काय करावे, आणि कोणी पाहिले. दुसऱ्या कोणी तेच पाहिले तर त्याचीही खूण. कोणाचे म्हणणे खोटे ठरले तर ते खोडायचे नाही, एक रेघ मारून बाजूला खरे लिहायचे, म्हणजे जुनी समजूतही वाचता येते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चारजण बसून जुनी पाने तपासतात. वहीच्या तीन प्रती आहेत. एक युनियनच्या कचेरीत, एक एका सभासदाच्या घरी, आणि एक पोरग्याच्या संगणकावर. यांपैकी एकही कारखान्याच्या आवारात नाही. ज्याला चौथी हवी असेल त्याने उतरवून न्यावी.

हे काम लहान आहे, हे आम्ही जाणतो. आजवर वहीत एकेचाळीस पाने भरली आहेत. मागच्या महिन्यात एका नव्या पोराने प्रेसवर उभे राहण्यापूर्वी तिसरे पान वाचून घेतले आणि मुकादमाकडे चिमटा मागितला. मुकादम कुरकुरला, पण त्याने दिला.

श्रोतेहो, चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेला येथे किती लांबून माणसे येतात ते आपण पाहता. जत्रा उठल्यावर मैदान झाडणारी माणसेही आपण पाहिली असतील. आमच्या पुढच्या बैठकीला त्यांच्याच मनोवृत्तीची दोन-तीन माणसे हवी आहेत. अक्षर बरे असावे, आणि रविवारी सकाळी दोन तास मोकळे असावेत. बाकी काही लागत नाही.